सातचं इंजेक्शन

डॉक्टर अभय यांनी उजवा हात पुढे केला, नेहमीसारखा न बघता, तळवा वर आणि बोटं किंचित मिटलेली, आणि त्या हातात काहीच पडलं नाही. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. हात पुढे यायचा आणि त्यात सुरी असायची. मध्ये विचार करायला जागा नव्हती आणि विजयमालेला ती कधी हवीशीही वाटली नव्हती. आज सुरी समोरच्या ट्रेवर होती, तिची बोटं सुरीवर होती, आणि ती बोटं उचलत नव्हती. आपला हात आपलं ऐकेनासा झालाय की आज पहिल्यांदाच ऐकतोय, हे तिला कळेना. हिरव्या कापडांच्या मधल्या चौकोनात, तपकिरी औषध लावलेलं कोंडीरामचं ओटीपोट श्वासासरशी वरखाली होत होतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले. हात तसाच.

"सर, यांचं इंजेक्शन सातला दिलंय. पाच तास होऊन गेले."

"दिलंय ना?"

"सातला दिलंय."

"म्हणजे दिलंय," डॉक्टर म्हणाले.

या एका शब्दावर हे हॉस्पिटल चाललं होतं. बिबवेवाडीतलं वीस खाटांचं हॉस्पिटल, खाली औषधांचं दुकान, वर दोन मजले, आणि सगळीकडे एकच प्रश्न: दिलं का? वॉर्डातली सिस्टर फोनवर सांगायची, दिलं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईची खूण असायची, भूल देणारे डॉक्टर ती बघायचे, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. कधी दिलं, हे विचारायची पद्धत नव्हती. जखम चिघळू नये म्हणून आधी द्यायचं ते इंजेक्शन म्हणजे जणू देवाला वाहिलेलं फूल, एकदा वाहिलं की दिवसभराची काळजी मिटली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत विजयमालेलाही तसंच वाटायचं. मग एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर लोकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं, आणि तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर नुसती एक उभी रेघ ओढली. ही कातडी कापायची वेळ, त्या म्हणाल्या, जंतू आत शिरतात ते याच घटकेला. त्या घटकेला औषध रक्तात आणि मांसात पोचलेलं हवं, तेव्हा कापण्याआधीच्या तासाभरात द्या. फार आधी दिलंत, तर चोर येईपर्यंत रखवालदाराची पाळी संपून तो घरी गेलेला असतो. शिबिरातल्या बायका हसल्या. विजयमाला हसली नाही. तिच्या हातातला चहाचा कागदी कप वाकडा झाला होता आणि चहा मांडीवर सांडत होता, आणि ती मनात तास मोजत होती. सात ते दीड. साडेसहा तास.

दीड वाजता वन्संचं पोट उघडलं होतं. शालू, तिची थोरली नणंद, एकाच घरात राहणारी, शनिवार पेठेतल्या बालवाडीत अठ्ठावीस वर्षं शिकवणारी, रडणारं पोर उचलून कडेवर घेतल्याशिवाय जिला बोलताच यायचं नाही ती बाई. बेंबीजवळ हर्निया होता, जाळी बसवायची होती, तासाभराचं काम. आपल्याच हॉस्पिटलात करू, मी आहे ना तिथे, असं विजयमालाच म्हणाली होती. त्या सकाळी ती मुद्दाम लवकर वॉर्डात गेली आणि घरचं माणूस म्हणून सातचं इंजेक्शन तिनं स्वतःच्या हातानं दिलं. हळूच दिलं, दुखू नये म्हणून. डॉक्टर अभय तेव्हाही तीन हॉस्पिटलांत ऑपरेशनं करायचे आणि तिसऱ्या हॉस्पिटलातून यायला त्यांना दीड वाजला. नवव्या दिवशी जखमेतून पाणी येऊ लागलं. मग पू. मग तो गोडसर कुजका वास, जो खिडक्या उघड्या ठेवल्या तरी जाईना आणि उदबत्ती लावली की उदबत्तीलाच यायला लागला. आठ महिने रोज सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी विजयमाला ती जखम धुवायची, तिच्यात औषधाची पट्टी सरकवायची, आणि शालू भिंतीकडे बघत आदल्या दिवशीचा पेपर तोंडपाठ म्हणून दाखवायची. तिसऱ्या ऑपरेशनात जाळी काढून टाकली. वजन उचलायचं नाही म्हटल्यावर बालवाडी सुटली. कारणांना पेठेत तोटा नाही: कोणी म्हणालं लवकर आंघोळ केली, कोणी म्हणालं एकादशीचा साबुदाणा बाधला, डॉक्टर अभय म्हणाले काही अंगांना जाळी मानवत नाही. शालू म्हणाली, नशीब, दुसरं काय. घड्याळाचं नाव कोणीच घेतलं नाही.

आता खरं तर कोणी छातीठोक सांगणार नाही की सातमुळेच झालं. वेळेवर दिलं असतं तरी चिघळली असती कदाचित. या 'कदाचित'च्या आडोशाला विजयमाला तीन वर्षं राहिली होती. तसा आडोसा काही वाईट नसतो. त्यात जेवता येतं, झोपता येतं, दिवाळीला नणंदेला साडी आणता येते. फक्त तिच्या डोळ्यांत बघताना नजर थोडी खाली, पदरावर ठेवावी लागते.

"सिस्टर, सुरी तुमच्या माहेरची आहे का?" डॉक्टर अभय यांनी आवाज चढवला नव्हता. ते कधी चढवत नसत. पेठेतली माणसं आवाज न चढवता सोलतात. भूल देणारे डॉक्टर सलिल रुग्णाच्या उशाशी बसून यंत्राकडे फार लक्षपूर्वक पाहू लागले, जणू त्यातले हिरवे आकडे आत्ताच उगवले होते. तिशीचा मुलगा, मोटरसायकलवर पाच हॉस्पिटलं फिरणारा. कुठल्या डॉक्टरला दुखवलं की तिथला फोन बंद, हे त्याला पाठ होतं. विजयमालेला त्याचा राग आला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती तरी काय होती?

तेव्हा मोठे डॉक्टर, म्हणजे अभय यांचे वडील, स्वतः ऑपरेशनं करायचे आणि आठच्या ठोक्याला त्यांची सुरी लागायची. घड्याळ चुकेल, बाप चुकणार नाही, असं नर्सेसमध्ये म्हणायचे. पण वॉर्डात गोंधळ असायचा. कोणाला इंजेक्शन मिळायचं, कोणाला नाही, आणि रात्रपाळीच्या सिस्टरनं दिवसपाळीवर ढकलायचं, दिवसपाळीनं रात्रपाळीवर. एका माणसाची जखम बिघडली तेव्हा मोठे डॉक्टर सगळ्यांना ओळीनं उभं करून बोलले. तेव्हा तिशीतल्या, रात्रपाळीच्या विजयमालेनं ही पद्धत बसवली: त्या दिवशीच्या यादीत जितकी नावं असतील त्या सगळ्यांना सातला इंजेक्शन, लाल खूण, आणि मगच पाळी सोडायची. आपल्या पाळीचं काम आपल्या पाळीत. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वारगेटला उतरून स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला होता. पद्धत चांगलीच होती. सात आणि आठ, मध्ये एकच तास. मग मोठे डॉक्टर गेले, धाकटे आले, यादी लांबली, सुरी साडेनऊला लागू लागली, अकराला, दीडला. सात मात्र जागचे हलले नाहीत. तिनं ठोकलेली खुंटी इतकी पक्की बसली होती की भिंत सरकली तरी खुंटी तिथेच राहिली, आणि गंमत म्हणजे नव्या मुलींना ती विजयमालासिस्टरची शिस्त म्हणून शिकवली जायची.

शिबिरानंतर तिनं सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, नंतर पाच दिवस देतोच की आपण. पाच दिवसांची ती इंजेक्शनं म्हणजे वरातीमागून घोडं, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती जी म्हणून बाहेर आली होती. जी म्हणणं तिला फार सोपं जायचं. मास्कच्या आत जी म्हटलं की तोंडही हलवावं लागत नाही.

"काय झालं वो ताई?" पडद्यामागून आवाज आला आणि सगळेच दचकले. कोंडीराम जागा होता. कमरेत सुई देऊन त्याचं खालचं अंग बधिर केलं होतं, पण कान शाबूत होते. छातीपाशी उभ्या केलेल्या हिरव्या पडद्यापलीकडे, साठीचा, लोणी काळभोरचा, तिथल्या कॉलेजात माळीकाम करणारा तो माणूस मघापासून सगळं ऐकत होता. "काय राह्यलंय का?"

"काही नाही, आजोबा. पडून राहा," डॉक्टर म्हणाले.

आणि विजयमालेनं ऐकलं की आपण बोलतो आहोत. आवाज आपलाच, पण जी म्हणणारा नव्हे. "काका, जखम चिघळू नये म्हणून सकाळी इंजेक्शन दिलं होतं. आता त्याचा जोर ओसरलाय. तुमच्या पोटात जाळी बसायची आहे. इंजेक्शन परत द्यायला हवं आणि थोडं थांबायला हवं."

"मग थांबा की," कोंडीराम म्हणाला. "मी बी झाडांना औषध मारतो. येळ चुकली की पाण्यात गेलं समदं. मला कुठं आता गाडी धरायची हाय."

अवनी, टेबलाबाहेरची कामं बघणारी नवी मुलगी, खुदकन हसली आणि लगेच तिनं खोकल्यासारखं केलं. डॉक्टर अभय यांच्या कपाळावर, टोपीच्या काठाखाली, एक शीर उठली. त्यांना दुष्ट म्हणणं अन्यायाचं होईल. सकाळी सहापासून उभे होते, पहिल्या रुग्णाचं पित्ताशय चिकटून बसलं होतं म्हणून तीन तास जास्त गेले होते, आणि कोथरूडला आणखी एक रुग्ण उपाशी झोपला होता. पण थकलेल्या माणसाच्या घाईनं जखम बिघडायची थांबत नाही. त्यांनी हात मागे घेतला नाही, उलट लांब केला, तिच्या अंगावरून ट्रेकडे. स्वतःच्या हातानं सुरी उचलायला. अकरा वर्षांत तेही कधी झालं नव्हतं.

त्या अर्ध्या क्षणात तिच्या डोक्यातून काय काय गेलं. पन्नाशी उलटलीय, उद्या दुसरीकडे कोण उभं करणार. घरी काय सांगायचं. आणि मग अगदी स्वच्छ, वन्संचा भिंतीकडे वळलेला चेहरा, मानेवरची ताठ शीर, आणि भाज्यांचे भाव म्हणणारा तो सपाट आवाज: मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर. विजयमालेनं हातमोजा घातलेला उजवा हात वर नेला, स्वतःच्या तोंडावरचा मास्क पकडून सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, नाकावर ओढला, आणि तोच हात खाली आणून ट्रेवरच्या हत्यारांवर सपाट ठेवला. सुरीवर, चिमट्यांवर, कात्रीवर. थंडगार लागलं, मोज्यातूनसुद्धा.

"ट्रे बाटला, सर," ती म्हणाली.

निर्जंतुक केलेल्या हत्यारांना मास्कला लागलेला हात लागला की ती सगळी बाद; दुसरा ट्रे काढायचा, हात नव्यानं धुवायचे, मांडणी पहिल्यापासून करायची. वीस मिनिटं जातात. आणि ट्रे बाटला की नाही हे सिस्टरनं ठरवायचं, तिथे माझंसुद्धा ऐकू नका, हा मोठ्या डॉक्टरांचा दंडक; डॉक्टर अभय पाहुण्यांना तो अभिमानानं सांगत. आता तोच दंडक त्यांच्यासमोर दोन्ही पाय रोवून उभा होता, आणि पडद्यामागे रुग्ण जागा होता. ते तिच्याकडे बघत राहिले. मास्कवरचे नुसते डोळे. तिनं नजर पदरावर आणली नाही. ऑपरेशनच्या गाऊनला पदर नसतोच.

"अवनी, दुसरा ट्रे काढ," ती म्हणाली. "सलिल सर, वेळ आहेच, तेवढ्यात इंजेक्शन."

सलिल यांनी डॉक्टर अभय यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर अभय यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बाटलीचं झाकण मोडल्याचा बारीक आवाज झाला, आणि सलिल, यंत्राकडेच बघत, मोठ्यानं आणि जरा जास्तच स्पष्ट म्हणाले, "बारा चौदा. अवनी, फाईलमध्ये वेळ लिही." वेळ लिही. हे दोन शब्द या खोलीत पहिल्यांदा उच्चारले जात होते.

बाहेर नळाखाली कोपरापर्यंत हात घासताना तिला जाणवलं की आपल्याला आनंद झाला आहे. लाज वाटावी इतका आनंद. पाणी कोपरावरून गळत होतं आणि ती मनात म्हणत होती, काढा मला, काढाच. पण या आनंदाच्या तळाशी एक खडा होता आणि तो घासून जाईना. कोंडीरामसाठी ट्रे बाटवलास, शाबास. वन्संसाठी काय केलंस? तीन वर्षं जखमेसारखं झाकून ठेवलंस, आणि तुला, रोज जखमा धुणारीला, ठाऊक आहे की झाकलेली जखम आत काय करते. बारा छत्तीसला ती परत टेबलाशी उभी राहिली. डॉक्टर अभय यांनी हात पुढे केला, तिनं सुरी दिली, आणि पुढचा तासभर दोघांनी नेहमीइतकंच, म्हणजे अजिबात न बोलता, उत्तम काम केलं.

दोन वाजता त्यांनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे डबा होता, उघडलेला नव्हता. ते तिला बसा म्हणाले, हेही नवीनच. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं की रुग्णासमोर असं होणं हॉस्पिटलच्या दृष्टीनं बरं नाही, आणि तुम्ही वडिलांच्या वेळच्या आहात, तेव्हा लिहून द्या की चुकून हात लागला, मी फाईलला लावतो आणि विषय संपवतो. पळवाट चांगली रुंद होती, दोन माणसं शेजारी शेजारी चालून जातील अशी. विजयमाला बाहेर आली, सिस्टरांच्या टेबलाशी बसली आणि तिनं लिहिलं. खोडाखोड झाली नाही. खालच्या दुकानात जाऊन एक झेरॉक्स काढली आणि मूळ कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यात लिहिलं होतं की ट्रे मी मुद्दाम बाटवला, चुकून नव्हे, कारण रुग्णाचं इंजेक्शन पाच तासांपूर्वीचं होतं. सगळ्यांना सातला देण्याची पद्धत मी सुरू केली होती, आजपासून मीच ती बंद केली आहे आणि वॉर्डात तसं सांगितलं आहे. उद्यापासून टेबलावर द्यायचं आणि वेळ लिहायची. याच पद्धतीनं मी माझ्या नणंदेला सातला इंजेक्शन दिलं आणि त्यांचं ऑपरेशन दीडला झालं. त्यांची जखम चिघळण्याचं हे कारण असू शकतं, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

डॉक्टर अभय यांनी दोनदा वाचलं. "शेवटचा भाग काढा," ते म्हणाले, आणि आवाजात सोलणं नव्हतं. "त्या नशीब म्हणतात ना? म्हणू द्या. त्यांना बरं वाटतं."

"त्यांना नाही, सर. आपल्याला बरं वाटतं."

"असले कागद कोर्टात जातात, सिस्टर. पहिलं नाव तुमचं येईल."

"म्हणून तर सही केलीय," ती म्हणाली. उद्यापासून आपल्याला यायचं आहे की नाही, हेही तिनं विचारलं, म्हणजे नसेल तर अवनीला सगळं नीट समजावून जाता येईल. ते डब्याकडे बघत होते. तिनं तेच उत्तर मानलं आणि अवनीला समजावलं, मग आणखी एकदा समजावलं, आणि साडेचारची बस धरली.

बसमध्ये तिला कळलं की डॉक्टरांची भीती तिला कधी वाटलीच नव्हती. भीती होती ती आत्ता वाटत होती, लक्ष्मी रोड मागे पडला तेव्हा, दोन जिने चढताना, दाराशी चप्पल काढताना. शालू खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. वन्सं, हे वाचा, असं म्हणून तिनं कागद पुढे केला आणि उभी राहिली. बसली नाही. शालूनं पदरानं हात पुसले, चष्मा लावला, आणि बालवाडीतल्या बाईनं वाचावं तसं ओठ हलवत, एकेक शब्द वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"कळून किती दिवस झाले तुला?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं," शालू म्हणाली. खालून रिक्षाचा हॉर्न आला आणि गेला. "मी तीन वर्षं एकादशीला साबुदाणा शिवले नाही. आंघोळीचं पाणी दिसलं की वाटायचं, ही आपली चूक. आठ महिने तू रोज माझं पोट धुतलंस, आणि मी रात्री उशीला तोंड लावून म्हणायचे, बिचारीला माझ्यामुळे त्रास." तिचा आवाज चढत गेला, शेजारच्या गॅलरीत ऐकू जाईल इतका, आणि या घरात शालूचा आवाज चढलेला कोणीच ऐकला नव्हता. ती खूप बोलली. जाळीबद्दल, वासाबद्दल, बालवाडीतल्या शेवटच्या दिवशी पायाला मिठी मारलेल्या आणि उचलून न घेतलेल्या पोरीबद्दल. विजयमालेनं मध्ये कदाचित म्हटलं नाही, तेव्हा ठाऊक नव्हतं म्हटलं नाही. तिनं नजर खाली केली नाही. आपल्या नणंदेचे डोळे पिंगट आहेत हे ती विसरून गेली होती.

शेवटी शालूनं कागदाची घडी घातली आणि ती स्वतःच्या पिशवीत ठेवली. "तुला माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली.

"नाही समजत."

"उद्या कितीला निघतेस?"

"सहा वीसची बस. पण मला आत घेतील की नाही ठाऊक नाही."

"मला घेतील," शालू म्हणाली. "मी पेशंट आहे त्यांची. साडेपाचला उठव."